कोण नाय, ते आधी सांग

जानकीमावशी माघात गेल्या. आता ज्येष्ठ लागला आहे आणि त्यांच्यावर दोन पानं लिहायचं काम अजून माझ्या टेबलावर पडून आहे. खोडाळ्याच्या बियाणे घरातल्या तरुण बायका त्यांच्या आठवणींची एक पुस्तिका काढत आहेत. छपाई नाशकात होणार आहे. छापखान्याकडून आलेल्या कच्च्या पानावर मावशींचा फोटो आहे आणि फोटोखाली एक ओळ आहे : ‘मुठकी नागली शोधून काढणाऱ्या जानकीबाई.’ ती ओळ वाचून मी ‘बरोबर’ अशी खूण करायची आणि सोमवारी पान परत पाठवायचं, एवढंच काम.

ती खूण माझ्या हातून होत नाही. मुठकी नागली मावशींनी शोधलेली नाही. ती सोमी वाघ नावाच्या कातकरी बाईनं आणली. एके काळी हे बियाणे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग कागद झाला, बक्षीस मिळालं, आणि हळूहळू कुणालाच ठाऊक नसल्यासारखं झालं. तो कागद मी लिहिला होता, माझ्या अक्षरात. म्हणून मावशींबद्दल लिहायला बसलो की पहिलं वाक्य कोणतं लिहावं तेच कळत नाही.

मावशी जव्हारच्या आमच्या महाविद्यालयात प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. काचेच्या नळ्या धुवायच्या, बाटल्या पुसून जागच्या जागी ठेवायच्या, हे त्यांचं काम. मी तिथेच ग्रंथपाल. नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पहिला शब्द शिकून घेतला तो ‘विष’. लाल चिठ्ठी लावलेली एक बाटली होती, तिच्यावर लिहिलेला. “जो शब्द वाचला नाय तर मानूस मरतो, तो आधी शिकावा,” असं त्या मला म्हणाल्या होत्या. पुढे कपाटातल्या चिठ्ठ्या वाचत वाचत त्या सगळं वाचायला लागल्या. पण उशिरा शिकल्यामुळे असेल, वाचताना त्यांचे ओठ शेवटपर्यंत हलत. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की तेही त्या आधी ओठांतल्या ओठांत म्हणून बघत. साहेबांच्या दाराबाहेर उभ्या राहून ओठ हलवणाऱ्या मावशी मी पुष्कळदा पाहिल्या आहेत. आवाज अजिबात नसे.

मला त्या ‘सर’ म्हणत आणि ‘तू’ही म्हणत. “सर, तू जेवला का?” असं. माझ्या सहकाऱ्यांना याचं हसू येई. मला ते बरं वाटे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी साहेबांना विचारून टाकाऊ बाटल्या घेतल्या, बुचं नसलेल्या, काठ उडालेल्या. खोडाळ्याला बाजाराच्या मागे एक खोली होती, तिथे फळ्या ठोकून त्या मांडल्या आणि त्यांत नागली, वरई, भात, उडीद, खुरासणी अशी जुनी बियाणी भरून ठेवायला सुरुवात केली. हे झालं बियाणे घर. बी विकायचं नाही. नेलं तेवढं आणि वर एक ओंजळ, पुढच्या सुगीला परत आणायचं. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर दोन नावं : बियाचं आणि ते आणणाऱ्याचं. दोन्हींची अक्षरं सारख्याच आकाराची असायला हवीत असा त्यांचा हट्ट असे. माझ्या हातून एकदा माणसाचं नाव बारीक पडलं, तर त्यांनी चिठ्ठी नखानं खरवडून काढली. पुढे तिथेच बायका नागलीची बिस्किटं करू लागल्या. ती जव्हारजवळच्या शिरपामाळावर फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना विकली जात, नंतर नाशिक-मुंबईलाही जाऊ लागली.

बियाणे घराची बैठक दर बाजाराच्या दिवशी भरे. बायका गोल करून बसत. कुणी हजेरी घ्यायला लागलं की मावशी हात वर करत.

“कोण नाय, ते आधी सांग.”

“अहो, आलेल्यांची तरी लिहू द्या.”

“आलेली दिसतात गे. नाय आलेली मोजाय लागतात.”

मग सगळ्या जणी विचार करत बसत. सुरुवातीला उत्तरं साधी येत. अमकीचं पोर आजारी, तमकी माहेरी. पण दर आठवड्याला तोच प्रश्न विचारला की माणसांना लांबची उत्तरं सुचायला लागतात. एकदा कुणीतरी म्हणालं, “भिवाआजा नाय. पण आंधळा मानूस, तो बी काय बघनार?” पुढच्या बाजाराला भिवाआजा पोत्यावर बसलेला होता. मावशी त्याच्या हातात एकेक बाटली देत होत्या. तो बाटली कानाशी हलवायचा, दाणे तळहातावर घेऊन चोळायचा आणि सांगायचा, “ही किडली.” “हिच्यात दोन जाती मिसळल्या.” आम्ही डोळसांनी चांगली म्हणून ठेवलेल्या सात बाटल्या त्यानं बाजूला काढल्या. तेव्हापासून त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही बाटली फळीवर चढली नाही. मावशी त्याचं कौतुक करत नसत. बाटली किडकी निघाली तर इतरांसारखंच त्यालाही बोलत. “आजा, हात कुठं ठेवून आला होतास?”

आणि एके दिवशी उत्तर आलं, “कातकरवाडीतलं कोनी नाय.”

हे बोलणारी एक नवी सून होती. सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तुळसाकाकू म्हणून बियाणे घरातल्या सगळ्यांत जुन्या बाई, चांगलं वावर असलेल्या घरातल्या. त्या म्हणाल्या, “त्यांचा काय संबंध? नियम काय हाय? आपल्या शेतातलं मूठभर बी आनायचं, मग नाव लागतं. त्यांना शेतच नाय.”

नियम मावशींनीच केला होता आणि मी लिहिला होता. मावशी काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, आपल्याच नियमानं दार लावलंय हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. पण खात्रीनं सांगता येत नाही. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मी नेहमी माझ्या मनाप्रमाणे लावत आलो.

पुढच्या बाजाराला त्या सोमीला घेऊन आल्या. सोमी तेव्हा चाळिशीची असेल. काटक, मोठ्यानं हसणारी. सुगीनंतर तिच्या वाडीतल्या बायका शेतातली उंदरांची बिळं खणतात. उंदीर कणसं तोडून नेतो, आत नीट रचून ठेवतो. ते धान्य काढून आणायचं, ही त्यांची जुनी रीत. सोमीनं पदरातून एक पुरचुंडी सोडली. आत नागलीची कणसं होती, आवळलेल्या मुठीसारखी. आमच्याकडची नागली बोटं पसरल्यासारखी असते.

तुळसाकाकूंनी एक कणीस हातात घेतलं आणि पुढचं बोलणंच विसरल्या. “ही मुठकी,” त्या म्हणाल्या. “माझी आजी पेरायची. ही कुठं सापडली तुला?”

“वरच्या पडीक माळावर. तिथं कोन नांगर घालतो? आपलीआप उगवत असंल. उंदरानं गोळा केली, मी उंदराची काढली.”

काकू लगेच सावरल्या. “म्हंजे दुसऱ्याच्या जमिनीतली. चोरीचीच ना?”

मावशी म्हणाल्या, “चोरी उंदरानं केली. त्याला बोलवायचं का बैठकीला?”

सगळ्यांत मोठ्यानं हसली ती सोमी. मावशींनी माझ्या हातातली नियमांची वही घेतली, ‘आपल्या शेतातलं’ हे दोन शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘आपण आणलेलं’. तेवढंच. सोमीचं नाव लागलं. त्या वर्षी कातकरवाडीतल्या आणखी अकरा बायका आल्या. कुणी रानातले कंद आणले, कुणी भाज्यांचं बी. बिस्किटांच्या कामालाही त्या बसल्या. दोन घरच्या बायकांनी येणं सोडलं. मावशींनी पुढच्या बैठकीत त्यांचीही नावं ‘कोण नाय’मध्ये लिहायला लावली आणि त्या परत येईपर्यंत दर आठवड्याला लिहायला लावली.

शंभर दाणे मोजून मावशींनी ओल्या फडक्यात बांधले, प्रयोगशाळेत शिकल्या होत्या तसे. चौथ्या दिवशी फडकं उघडलं तर जवळजवळ सगळ्यांना मोड आले होते. बियाणे घराला गावानं वापरायला दिलेला एक उतारावरचा जमिनीचा तुकडा होता, त्यावर सोमीनं मुठकी लावली. दोन वर्षांनी कापणीच्या तोंडावर पाऊस आला आणि सगळ्यांची नागली आडवी झाली. सोमीची उभी राहिली. कृषी विद्यापीठातून एक तरुण संशोधक बाई आल्या. हे वाण नोंदवायला हवं, नाही तर उद्या दुसरंच कुणी नोंदवील, असं म्हणाल्या आणि अर्ज ठेवून गेल्या.

अर्जात लिहिलं होतं : शेतकऱ्याचं नाव, गट क्रमांक, सातबारा जोडावा.

मी पेन उघडून बसलो होतो. मावशी खिडकीशी उभ्या होत्या, ओठ हलत होते. मग म्हणाल्या, “सर, माझं नाव लिही. माझा सातबारा लाव.”

“आणि सोमी?”

“तू लिही.”

मी लिहिलं. सोमी तेव्हा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेली होती. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुस्तकं जिथल्या तिथे लावणारा मी माणूस. समोरचं पान चुकीच्या कपाटात जातंय हे दिसत असून हात हलला नाही.

यथावकाश प्रमाणपत्र आलं. मावशींनी ते भिंतीला लावलं नाही, पत्र्याच्या पेटीत ठेवलं. आणि बाटलीवरची चिठ्ठी तशीच राहिली : मुठकी नागली, सोमी वाघ. अक्षरं सारख्याच आकाराची. मी मनाशी म्हटलं, कागद जगासाठी, चिठ्ठी खरी. काही वर्षं मला ते पुरलं.

मग मुंबईच्या एका संस्थेचा पुरस्कार आला. त्याचाही अर्ज होताच.

“सर, हे तीन खोके कसाला?”

“क्षेत्र निवडायचं. उद्योग, विज्ञान, संस्कृती. एकावर खूण.”

“आपन बिस्किटं विकतो.”

“मग उद्योग.”

“बी उगवून बघतो.”

“मग विज्ञान.”

“आनि कणसरी देवीला नैवेद्य दाखवल्याबिगर नवं कणीस मोडत नाय.”

“मावशी, एकच निवडायचं. तिन्हींवर खूण केली तर अर्ज बाद होतो.”

“बाई एक आनि खोके तीन,” त्या म्हणाल्या. “मलाच तोडून घाल तिन्हीत.”

पुरस्काराच्या नावात ‘सर्वसमावेशक नेतृत्व’ असे शब्द होते. त्याचा अर्थ त्यांनी विचारला. मी सांगत गेलो, त्या ऐकत गेल्या. शेवटी म्हणाल्या, “म्हंजे कोण नाय ते विचारनं?”

“तसंच काहीसं.”

“मग त्याला एवढा लांब शब्द?” पण दिवसभर तो शब्द त्यांच्या ओठांवर चालू होता.

भाषण मी लिहून दिलं. एक पान. मधोमध एक ओळ होती : ‘आमची मुठकी नागली सोमी वाघ यांनी उंदराच्या बिळातून आणली, ती नसती तर आज मी इथे नसते.’ ती ओळ मी मुद्दाम घातली. अर्जावर जे झालं ते इथे फिटेल असं मला वाटलं. मुंबईला जाताना गाडीत मावशी शेजारी बसून पान वाचत होत्या. मी तिरक्या नजरेनं बघत होतो. त्या ओळीवर ओठ अडखळत नव्हते. कसारा घाट उतरेपर्यंत त्यांचं पान पाठ झालं होतं.

नवं लुगडं, नाकात नथ. त्या मंचावर उभ्या राहिल्या आणि अजिबात घाबरल्या नाहीत. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. त्या ओळीपाशी आल्या आणि थांबल्या. पेल्यातलं पाणी प्यायल्या. ओठ एकदा हलले. मग पुढच्या ओळीपासून बोलायला लागल्या.

परतीच्या वाटेवर त्या एकदाच म्हणाल्या, “सर, दिव्यांचा लई उजेड होता.” यावरून मी काय समजायचं होतं? विसरल्या? घाबरल्या? का त्या उजेडात एकटीनं उभं राहणं त्यांना आवडलं? सगळ्यांना आत घेणाऱ्या बाईला एकदा वाटलं असेल, आजचा दिवस माझा. वाटलं तर काय बिघडलं, असं म्हणून बघतो. मग ती बाटलीवरची अक्षरं आठवतात.

परवा शेवटी मी कातकरवाडीवर गेलो. सोमी दारात बसून टोपलीचा काठ विणत होती. केस पिकले आहेत, हसणं तेच. मी कच्चं पान दाखवलं आणि फोटोखालची ओळ वाचून दाखवली. आणि म्हटलं, “सोमीबाई, नोंदणीचा अर्ज मी लिहिला होता. तुमचं नाव घालायला हवं होतं.”

“मना ठाव हाय. मीच नको सांगितला होता.”

मला काही कळेना. “केव्हा?”

“भट्टीवर जायच्या आदी. मावशीनं विचारला, कागद होनार, नाव घालू का? मी बोलली, नको गे बाय. कागदावर लिवशील सोमीनं अमक्याच्या माळातून काढला, उद्या तो मालक कागद घेऊनच येल, चोर म्हनून. आमचे बापाला असाच नेला होता, दोन पायली भातासाठी. तुझं नाव घाल, तुझ्याकडं सातबारा हाय, तुला कोन धरतो?”

इतकी वर्षं मी एका चुकीचं ओझं वाहत होतो आणि ती चूक त्या दोघींनी ठरवून केली होती. मला हलकं वाटायला हवं होतं.

“म्हणूनच भाषणातही त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही,” मी म्हणालो.

सोमीच्या हातातली काडी थांबली.

“कागदावर नको बोलली होती,” ती म्हणाली. “तोंडानं नको, असा कुठं बोलली?”

मग तिनं सांगितलं. भट्टीवर एकाच्या मोबाईलवर तो कार्यक्रम दिसला होता. तिनं सगळ्यांना बोलावून बसवलं होतं, शेठच्या बायकोलासुद्धा. “मी बोलली, थांबा, आता माझं नाव घेल. आता घेल. पानी प्याली तवा तर मी सगळ्यांना गप केला. मग टाळ्याच झाल्या.” ती हसली. “लई चिडवला मना. काय सोमी, मावशीच्या घशातच राहिला तुझा नाव?”

“तुम्ही त्यांना कधी विचारलं नाही?”

“काय विचारू? दर साली मी नागली कापाय लागली का ती यायची. बांधावर उभी राहायची. मी बोलायची, ये गे, बस. ती काय बोलायची नाय. उभी राहायची आनि जायची.”

मी विचारलं, आता छापायचं का तुमचं नाव? आता तरी भीती नाही ना? ती पानावरच्या फोटोकडे बघत म्हणाली, “त्या माळाच्या मालकाची सूनच माझ्याकडून बी नेते. आता कोन धरतो? लिव.” मी पेन काढलं. फोटोखालची ओळ खोडली आणि नवी लिहिली. वाचून दाखवली.

“यात कोण नाय?” तिनं एकदम मावशींच्या आवाजात विचारलं.

मी ओळ पुन्हा वाचली.

“उंदीर नाय,” सोमी म्हणाली. “त्याला पन घाल. त्यानंच पयली वेचली.”

घातला. छापखानेवाल्याला चूक वाटेल म्हणून समासात लिहिलं आहे : हे असंच ठेवावं. पान सोमवारी जाईल. मावशींबद्दल मात्र मला आजही नीट सांगता येत नाही. सोमीला वाचवायला त्या गप्प राहिल्या, की त्या उजेडात त्यांना तिचा विसर पडला, की एकदा गिळलेलं नाव पुन्हा वर आणायची वाट त्यांना सापडली नाही? तिन्ही खोके समोर आहेत आणि एकावरच खूण करायची आहे.

शेवटचं त्यांना पाहिलं ते गेल्या कार्तिकात. मी खोडाळ्याहून परत निघालो होतो, गाडीला वेळ होता म्हणून उताराच्या तुकड्याकडे चालत गेलो. खाली सोमी पाठमोरी वाकून कणसं खुडत होती. वर बांधावर मावशी उभ्या होत्या. आजारानं अर्ध्या झाल्या होत्या, हातात काठी. मी त्यांच्या मागे दहा पावलांवर होतो, त्यांना चाहूल लागली नाही. बाजूनं चेहरा दिसत होता. ओठ हलत होते. थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून हलू लागले. मग थांबले. मग पुन्हा.

भाषणातली ती ओळ केवढी होती ते मला ठाऊक आहे, मीच लिहिली होती. दोन पावलं पुढे गेलो असतो तर कदाचित कळलं असतं. पण आपण कुणाच्या तरी दाराशी आहोत असं वाटून मी तिथेच उभा राहिलो. खालून सोमी मागे न बघताच ओरडली, “ये गे, बस!” मावशींनी काठी उचलली, एक पाऊल बांधाखाली टाकलं. तेवढ्यात वळणावर गाडीचा भोंगा वाजला आणि मी मागे फिरलो.